तान्ह्या बाळाचं धुणं: कोणतं डिटर्जंट, किती आणि कसं? सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

नव्या आया, त्यांच्या आया, सासवा आणि हल्ली बरेच बाबासुद्धा हे प्रश्न पाठवत असतात. रोज एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलं आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: बाळाच्या कातडीला त्रास देतं ते बहुतेक वेळा कपड्यात मागे राहिलेलं डिटर्जंट. त्यामुळे कोणत्या कंपनीचं घ्यावं यापेक्षा किती घातलं आणि किती निघून गेलं, हे जास्त महत्त्वाचं. सोलापुरात पाणी मोजून वापरावं लागतं, म्हणून इथे तर हे दुप्पट लागू पडतं.

१. बाळासाठी वेगळं डिटर्जंट खरंच लागतं का? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

डब्यावर बाळाचं चित्र असलेलंच हवं असं नाही. सौम्य मात्र हवं. तान्ह्या बाळाच्या कातडीचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो, आणि वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं. शिवाय जन्माच्या वेळी ही कातडी मोठ्यांच्या कातडीइतकी आम्ल नसते. तिचं संरक्षण करणारा आम्लपणा पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू येतो. धुण्याची पावडर असते अल्कधर्मी, म्हणजे नेमकी उलट.

सासूबाईंचंही खोटं नाही. तेव्हा जुन्या धोतराची, सुती लुगड्याची मऊ दुपटी असायची आणि धुणं विहिरीवर, ओढ्यावर भरपूर पाण्यात खळबळून निघायचं. आज पावडरीत सुगंध आहे, चमक आणणारी रसायनं आहेत, आणि पाणी आहे दोन बादल्या.

२. सौम्य म्हणजे नेमकं काय? डब्यावर काय वाचायचं?

सर्वात आधी सुगंध बघा. कातडीला त्रास देणाऱ्या गोष्टींत सुगंधी द्रव्यांचा नंबर वरचा आहे. नवी पेठेतल्या कोणत्याही दुकानात बाळाचं म्हणून मिळणाऱ्या बाटलीचं झाकण उघडून बघा, निम्म्यांना तरी छान वास येतो. तो वास बाळासाठी नाही, विकत घेणाऱ्या आपल्यासाठी आहे. 'फ्रेगरन्स फ्री' असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. 'अनसेंटेड' लिहिलं असेल तर जरा सावध, कारण त्यात कधीकधी मूळ वास दाबण्यासाठी दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं.

मग रंग. निळं-हिरवं लिक्विड असण्याची गरजच नसते. तिसरी गोष्ट 'ऑप्टिकल ब्राइटनर'. हे कपडा स्वच्छ करत नाही. ते धाग्यावर चिकटून राहतं आणि उन्हात निळसर चमकतं, म्हणून पांढरा कपडा जास्त पांढरा दिसतो. चिकटून राहणं हेच त्याचं काम असल्यामुळे कितीही विसळलं तरी ते पूर्ण जात नाही. बाळाचं झबलं चमकायची गरज नाही.

चौथी गोष्ट धुण्याचा सोडा. पावडरी बहुतेक यावरच चालतात. लोकरी आणि नाजूक कपड्यांसाठी जी सोडा नसलेली लिक्विडं मिळतात, ती बाळाच्या कपड्यांनाही चालतात, फक्त सुगंध तपासून घ्या.

एन्झाइमची भीती बऱ्याच जणांना वाटते. कपडा नीट विसळला असेल तर एन्झाइममुळे कातडीला त्रास होत असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि दुधाचे, शीचे डाग काढायला त्याचाच उपयोग होतो. 'हायपोअलर्जेनिक' आणि 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' हे शब्द मात्र मनावर घेऊ नका. पहिल्याचा अर्थ ॲलर्जीची शक्यता कमी, पण त्याला ठरलेला निकष नाही. दुसऱ्यातून तपासलं एवढंच कळतं, निकाल काय लागला ते नाही.

३. पावडर, लिक्विड की वडी?

लिक्विड. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, पावडरीचे कण शिवणीत अडकतात. वडी तर कपड्यावर थेट घासली जाते, तेवढ्या जागी ती घट्ट बसते आणि निघता निघत नाही. टेम्पोवर किंवा किलोवर मिळणारी सुट्टी पावडर बाळाच्या कपड्यांना अजिबात नको. तिच्यात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, कारण पाकीटच नसतं.

४. किती घालायचं?

तुम्ही आता घालता त्यापेक्षा नक्की कमी! झाकणाचं माप मशीनभर कपड्यांसाठी असतं. झबली, टोपडी, लंगोट असे दहा-बारा चिमुकले कपडे आणि अर्धी बादली पाणी असेल तर एक छोटा चमचा लिक्विड पुरतं. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, हा समज सोडा. फेस फक्त विसळायचं काम वाढवतो.

धुणं-भांडी करणाऱ्या मावशी कपडे धूत असतील तर लिक्विड त्यांच्या हाती देण्यापेक्षा आधीच वाटीत काढून ठेवा. हे सांगायला संकोच वाटतो, पण वाटी ठेवली की न बोलता काम होतं.

५. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो. तीन-तीनदा विसळायला पाणी कुठून आणायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शहराला उजनीचं, टाकळीहून भीमेचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं पाणी मिळतं, तरी रोज नळ येत नाही हे आपण सगळे जाणतो. बॅरल भरून ठेवायचं आणि त्यात बाळंतिणीचं घर चालवायचं, ही कसरत कुणाला सांगायला नको.

यावर पहिला उपाय खरेदीच्या वेळीच होतो: कमी फेसाचं लिक्विड घ्या. 'फ्रंट लोड' मशीनसाठी म्हणून जी लिक्विडं मिळतात ती मुद्दाम कमी फेसाची बनवलेली असतात आणि हाताने धुतानाही थोड्या पाण्यात सुटतात. सुगंध नसलेलं मिळालं तर हेच घ्या.

दुसरा उपाय पिळण्याचा. साबणाच्या पाण्यातून कपडा काढला की आधी घट्ट पिळा, मग विसळा. न पिळता विसळायला टाकलात तर साबणाचं पाणी कपड्यासोबत पुढच्या बादलीत जातं आणि ती बादली वाया जाते. अर्ध्या-अर्ध्या बादलीत दोनदा विसळणं हे एका भरल्या बादलीत एकदा विसळण्यापेक्षा चांगलं. पाणी तेवढंच लागतं, कपडा मात्र पुष्कळ स्वच्छ निघतो.

तिसरा उपाय पाणी फिरवण्याचा. शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते झाकून ठेवा आणि त्याच दिवशी दुसऱ्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरा. पहिल्या धुण्याचं पाणी संडासात ओतायला कामी येतं. घरात बोअर असेल तर धुवायला आणि पहिल्यांदा विसळायला बोअरचं, शेवटच्या विसळणीला नळाचं, अशी वाटणी करा.

पुरेसं विसळलं का, हे बघायचं असेल तर वाळलेलं एक झबलं रुंद तोंडाच्या बरणीत निम्म्या स्वच्छ पाण्यात टाका, झाकण लावा आणि जोरात हलवा. वर फेस राहिला तर डिटर्जंट अजून आत आहे. पुढच्या वेळी विसळणं वाढवण्याआधी डिटर्जंट कमी करून बघा. पाणी वाचतं ते तिथेच.

६. बोअरच्या पाण्यात फेस येत नाही आणि लंगोट पापडासारखे कडक होतात. काय करू?

हे पाणी जड आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर बसत असेल तर वेगळी तपासणी नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा एका लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. धुण्याला मात्र २०० सुद्धा जाणवतं.

जड पाण्यात साबण आणि डिटर्जंट यांचा फरक कळतो. साबण क्षारांशी मिळून न विरघळणारी पांढरट साय तयार करतो. ती सुताच्या धाग्यांत बसते, कपडा कडक आणि पिवळट होतो, आणि तोच बाळाच्या मांडीला घासतो. डिटर्जंट अशी साय धरत नाही. म्हणून बोअरवर धुणाऱ्यांना आम्ही वडी आणि साबण सोडून लिक्विड डिटर्जंटच घ्यायला सांगतो.

आधीच कडक झालेल्या लंगोटांसाठी बादलीभर पाण्यात अर्धा चमचा लिंबूफूल विरघळवा, धुतलेले लंगोट त्यात अर्धा तास भिजवा आणि साध्या पाण्यातून काढा. पांढरं व्हिनेगरही हेच काम करतं. एक सक्त सूचना: यातलं काहीही ब्लीचसोबत कधीच मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच यांनाही हाच नियम.

७. बाळाच्या अंगाच्या साबणानेच कपडे धुतले तर? तो तर सौम्य असतो.

कल्पना चांगली आहे, पण तो साबण असेल तर बोअरच्या पाण्यात वर सांगितलेली साय होणारच. नळाच्या पाण्यात एखाद-दुसरं टोपडं धुवायला हरकत नाही.

८. आजी रिठा वापरायला सांगते. चालेल?

इरकल आणि रेशमी साड्या घरोघरी रिठ्यानेच धुतल्या जायच्या, तेव्हा आजीचा अनुभव मोठा आहे. रिठ्यात नैसर्गिक फेस देणारं द्रव्य असतं. पण त्याचा जोर कमी. घामाच्या, लाळेच्या कपड्यांना पुरतो, शीच्या लंगोटाला आणि मालिशच्या तेलाला नाही. पांढऱ्या सुतावर हलकी तपकिरी छटा येते. उकळून ठेवलेलं पाणी उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. आणि झाडावरचं आहे म्हणून निरुपद्रवी असं समजू नका: रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं, तेव्हा विसळायचे नियम त्यालाही तेच.

९. शेवटच्या पाण्यात डेटॉल किंवा सॅव्हलॉन घालू का?

नको. निरोगी बाळाच्या कपड्यांना त्याची गरज नाही, आणि शेवटच्या पाण्यात घातलेलं सगळं कपड्यात राहतं, तिथून बाळाच्या कातडीवर येतं. शीचे लंगोट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवले की पुष्कळ झालं. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा करून घ्या.

१०. शीचे पिवळे डाग, मालिशचं तेल, दूध, काजळ: प्रत्येकाला वेगळं काही करायचं का?

शी आणि दूध यांना आधी थंड पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात, मग डाग हटत नाही. जाड शी आधी काढून टाका, थंड पाण्यात झटका, मगच गरम पाणी आणि लिक्विड. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग धुतल्यावर उरला तर कपडा ओला असतानाच उन्हात टाका. एक-दोन दुपारी ऊन खाल्लं की तो फिका पडतो, ब्लीच लागत नाही.

तेलाचं उलटं आहे. टाळू भरलेल्या बाळाची टोपडी आणि मालिशनंतर गुंडाळायची दुपटी थंड पाण्यात कितीही घासा, तेल जात नाही. डागावर लिक्विडचा थेंब चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात धुवा. तरीही काही महिन्यांनी त्यांना खवट वास येऊ लागतो. आमचा सल्ला असा की मालिशची दोन-तीन जुनी दुपटी वेगळी काढा आणि बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. काजळही तेलकटच, तेव्हा तोच उपाय. खरं तर तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालूच नये, बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.

११. मशीनमध्ये धुतलं तर?

धुवा. 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण असेल तर ते दाबा. घरच्यांचे कपडे सुगंधी पावडरीत धूत असाल तर ड्रॉवरमध्ये तिचा थर असतो, तो आधी पुसून घ्या. शीचे लंगोट हाताने झटकल्याशिवाय मशीनमध्ये टाकू नका.

१२. कंडिशनर, नीळ, खळ?

तिन्ही नकोत. कंडिशनर धाग्यावर बसून राहण्यासाठीच बनवलेला असतो, त्यात सुगंधही असतो, आणि त्याने लंगोट आणि टॉवेल पाणी कमी शोषतात. मऊपणा हवा असेल तर प्रश्न ६ मधलं लिंबूफूल वापरा, आणि वाळलेला कपडा हाताने चोळून मोकळा करा.

१३. बाळंतविड्यात नवेकोरे कपडे आले आहेत. न धुता घातले तर?

धुऊनच घाला. नव्या कापडावर खळ असते, सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेली रसायनं असतात, कारखान्यापासून दुकानापर्यंतची धूळ असते. गडद रंगाचे कपडे पहिल्यांदा वेगळे धुवा.

आपल्या टेरी टॉवेलबद्दल खास सांगायला हवं, कारण इथे ज्याच्या त्याच्या घरी बाळाला टॉवेलच भेट येतात. नवा टॉवेल पाणी नीट शोषत नाही आणि त्याचे तंतू सुटतात. ते बाळाच्या मानेच्या घडीत, मुठीत आणि बोटांच्या बेचक्यात अडकतात. दोन-तीन धुण्यांनंतर तोच टॉवेल सुरेख मऊ होतो. बाळाला अंघोळीनंतर गुंडाळायला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

१४. मोठ्या मुलाची झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपली होती. धुऊन वापरू ना?

थांबा. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

डांबरगोळीत बहुधा नॅफ्थलीन असतं. ते वासातून आणि कातडीतून शरीरात जातं. काही बाळांच्या रक्तपेशींत जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचं एन्झाइम कमी असतं, मुलग्यांत जास्त. तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही. अशा बाळाला नॅफ्थलीनचा संपर्क झाला तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. तान्ह्या बाळाची तीव्र कावीळ मेंदूला इजा करू शकते. त्यात आपल्याकडे मालिश, आणि नॅफ्थलीन तेलात विरघळतं, म्हणून तेल लावलेल्या कातडीतून ते आणखी सहज आत जातं.

म्हणून पहिल्या काही महिन्यांत डांबरगोळ्यांतले कपडे, कुंची, गोधडी, ब्लँकेट यांतलं काहीही बाळाला घालू नका, पांघरू नका आणि त्याच्या खोलीतही ठेवू नका. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. आईच्या साड्या त्याच कपाटात असतील तर गोळ्या आजच काढा. त्यांच्या जागी कापूर ठेवायचा विचार असेल तर तोही नको, लहान बाळांना कापूरही बाधतो. सुकी कडुनिंबाची पानं पुरचुंडीत बांधून ठेवा.

असे कपडे घातल्यानंतर बाळ पिवळं दिसलं, लघवी गडद झाली, किंवा ते दूध ओढेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि डांबरगोळीचा उल्लेख आवर्जून करा.

१५. फक्त बाळाचेच कपडे वेगळे धुवायचे? आईच्या गाउनचं काय?

चांगला प्रश्न. बाळाचा गाल दिवसभर आईच्या खांद्यावर आणि आजीच्या पदरावर असतो. निदान आईचे गाउन, उशीचे अभ्रे आणि बाळाखालच्या चादरी त्याच लिक्विडमध्ये धुवा. बाकी घराचे कपडे नेहमीसारखे. जाड सोलापुरी चादर रोज धुणं कुणालाच जमणार नाही. ती खाली अंथरायची असेल तर वर पातळ सुती दुपटं घाला. एवढ्या लहान बाळाला ती पांघरू मात्र नका. जड आणि सैल पांघरूण तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही.

१६. बाळाच्या अंगावर पुरळ आलं. डिटर्जंट बदलू का?

लगेच नको. डिटर्जंटची खरी ॲलर्जी पुष्कळ कमी जणांना असते. सोलापूरच्या मार्च ते जूनमध्ये पहिला संशय घामोळ्यांवर घ्या: मान, पाठ, काखेत बारीक लाल पुटकुळ्या, आणि बाळ कुंची-दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. कपडे कमी केले, हवा लागली की त्या बसतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत लालसर चट्टे आणि मधे पिवळट ठिपका, हेही बऱ्याच बाळांना होतं आणि आपोआप जातं. लंगोटाच्या जागी लाली असेल तर बहुधा ओलेपणा कारण असतो.

डिटर्जंटचा संशय केव्हा घ्यायचा? जिथे कपडा घट्ट बसतो तिथेच, म्हणजे गळपट्टी, मनगट, कमरेचं नाडं अशा जागी कोरडी लाली आली आणि उघड्या जागा स्वच्छ राहिल्या तर. तेव्हा आधी प्रश्न ५ मधली बरणीची चाचणी करा, मगच बाटली बदला.

पुवाच्या पुटकुळ्या, पाण्याचे फोड, कातडी सुटणं, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरगुती विचार बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

१७. बाळ कमी दिवसांचं (वेळेआधी जन्मलेलं) आहे, किंवा घरात एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाज सुटण्याचा आजार), दमा आहे. नियम बदलतात का?

कडक होतात. कमी दिवसांच्या बाळाची कातडी आणखी पातळ असते, तेव्हा सुगंध आणि ब्राइटनर पूर्ण टाळा, पाणी कितीही कमी असलं तरी शेवटची विसळणी नळाच्या पाण्याची करा, आणि घरच्या सगळ्यांचे बाळाला टेकणारे कपडे एकाच लिक्विडमध्ये धुवा. एक्झिमा असलेल्या बाळाला एखादं डिटर्जंट मानवलं तर दुसऱ्यावर सवलत आहे म्हणून बदलू नका.

१८. हे किती महिने पाळायचं?

सहा महिने ते वर्ष. मग एक झबलं घरच्या डिटर्जंटमध्ये धुऊन दोन-तीन दिवस घालून बघा. कातडी स्वच्छ राहिली तर सगळं धुणं एकत्र करा. एक्झिमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

१९. रांगत्या मुलाने लिक्विड तोंडात घातलं तर?

तोंड ओल्या फडक्याने पुसा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या, घोट-दोन घोट पाणी द्या. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. फेस श्वासनलिकेत गेला तर जास्त धोका. डोळ्यात उडालं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. खोकला, धाप, सतत उलट्या, सुस्ती, तोंडाला फोड यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि डिटर्जंटची बाटली सोबत न्या. मशीनसाठीच्या जेलच्या गोळ्या सर्वांत घातक, त्या गोळ्या-बिस्किटांसारख्या दिसतात. रांगतं मूल असलेल्या घरात त्या आणूच नका. आणि लिक्विड स्वस्त पडतं म्हणून मोठ्या कॅनमधून आणलंत, तरी ते थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका.